पाटी उन्हातही काळीच का दिसते?

(तिसरी व चौथीच्या परिसर अभ्यासाच्या आणि चित्रकलेच्या पाठांसाठी)

चित्रकलेच्या तासाला डोंगराचे चित्र काढावयास सांगितले की वर्गातील बहुतेक मुले डोंगर हिरवा रंगवितात, काही तपकिरी रंगवितात, आणि एखादाच मुलगा तो निळा रंगवितो. निळ्या डोंगराला बहुधा वर्ग हसतो, आणि घाईत असलेले गुरुजीही 'डोंगर कुठे निळा असतो का?' असे म्हणून वही परत करतात. वास्तविक सह्याद्रीच्या पायथ्याच्या कोणत्याही गावातून दूरच्या रांगेकडे पाहिले तर ती रांग निळसरच दिसते. डोंगर आणि पाहणारा यांच्यामध्ये कोसोगणती हवा असते. ती सूर्यप्रकाशातील निळा अंश अधिक विखुरते आणि त्यातील काही भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. ज्याने डोंगर निळा रंगविला त्याने दिसले ते काढले. ज्याने हिरवा रंगविला त्याने ठाऊक होते ते काढले. या दोघांत चुकले कोण, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी वस्तूला रंग 'असतो' म्हणजे काय आणि तो मनुष्याला 'दिसतो' म्हणजे काय, याचा शिक्षकाने स्वतःशी थोडा विचार केलेला असावा.

पाठ्यपुस्तकातील नेहमीचे उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. सूर्याचा पांढरा प्रकाश अनेक रंगांचा मिळून झालेला आहे, हे आयझॅक न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखविले आणि त्याविषयीचा आपला लेख १६७२ साली प्रसिद्ध केला. त्याच रंगांची आठवण मुले 'तानापिहिनिपाजा' या अक्षरांनी ठेवतात. वस्तूवर प्रकाश पडला की तिचा पृष्ठभाग त्यातील काही भाग शोषून घेतो व काही परतवितो. जो परतविला जातो तो डोळ्यांत शिरतो. पिकलेला टोमॅटो निळा व हिरवा प्रकाश बहुतांशी शोषतो आणि तांबडा परतवितो, म्हणून तो तांबडा. हे सर्व खरे आहे. परंतु ते अपुरे आहे. किती अपुरे, हे कळण्यासाठी एक पाटी आणि एक कोरा कागद एवढे साहित्य पुरे होते.

भर दुपारी पाटी अंगणात उन्हात ठेवावी आणि कागद वर्गाच्या आत, खिडकीपासून दूर असलेल्या बाकावर ठेवावा. दारात उभे राहून मुलांनी दोहोंकडे पाहावे. पाटी काळी दिसेल, कागद पांढरा दिसेल. यात नवल ते काय, असे मुले म्हणतील. आता थोडे गणित करावे. काळी पाटी तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकी सुमारे ५ भाग परतविते. पांढरा कागद सुमारे ८० भाग परतवितो. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स हे होय. दुपारच्या उन्हात १ लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. वर्गाच्या आतल्या बाजूस तो ३०० लक्स असला तरी पुष्कळ झाला. म्हणजे पाटीकडून परतणारा प्रकाश १ लाखाचे ५ टक्के, अर्थात ५,००० इतका आणि कागदाकडून परतणारा ३०० चे ८० टक्के, अर्थात २४० इतका. काळ्या पाटीकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश पांढऱ्या कागदाच्या प्रकाशापेक्षा सुमारे वीसपट अधिक आहे! तरीही पाटी काळी आणि कागद पांढराच दिसतो. चौथीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर सोडवून दाखविता येतो, आणि उत्तर निघाल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती या पाठाची खरी सुरुवात होय.

याचा अर्थ असा की, डोळ्यांत किती प्रकाश आला एवढ्यावरून वस्तू काळी की पांढरी हे ठरत नाही. पाहणारा नकळत शेजारपाजारच्या वस्तूंशी तुलना करीत असतो. अंगणात पाटीच्या भोवती जे जे आहे, म्हणजे माती, भिंत, वाळत घातलेले धोतर, त्या सर्वांपेक्षा पाटी कमी प्रकाश परतविते; म्हणून ती काळी. वर्गात बाक, फरशी, दप्तरे या सर्वांपेक्षा कागद अधिक परतवितो. म्हणून तो पांढरा. उजेड वाढो वा घटो, वस्तूंचे एकमेकींशी असलेले प्रमाण पुष्कळसे कायम राहते, आणि डोळा त्या प्रमाणालाच धरून चालतो. शास्त्रज्ञ याला रंगांचे स्थैर्य म्हणतात.

हे स्थैर्य तात्पुरते मोडून पाहण्याचीही युक्ती आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची वीतभर लांबीची अरुंद नळी करावी व तिची आतील बाजू काजळाने किंवा काळ्या शाईने काळी करावी. चुन्याने रंगविलेल्या भिंतीचा एक भाग उन्हात व एक भाग सावलीत असेल अशी जागा निवडावी. नुसत्या डोळ्यांनी पाहिले असता सारी भिंत पांढरी आहे, तिच्यावर सावली पडली आहे, इतकेच मुले सांगतील. नंतर एक डोळा मिटून, दुसऱ्या डोळ्यास नळी लावून केवळ सावलीचा तुकडा पाहावा. मग नळी हलवून उन्हाचा तुकडा पाहावा. नळीतून पाहिलेली सावली राखी, आणि आकाश निरभ्र असेल तर स्पष्ट निळसर दिसते. सावलीत सूर्याचा प्रत्यक्ष प्रकाश पोचत नाही. तिथे येतो तो मुख्यत्वे निळ्या आकाशाचा उजेड. हा निळेपणा नळीशिवायही डोळ्यांत येतच होता. परंतु भोवतालचे दृश्य समोर असताना मनाने तो 'उजेडाचा दोष' म्हणून वजा केला होता. चित्रकार जो सावलीत निळा रंग भरतो तो कल्पनेने भरतो असे नव्हे. नळीतून पाहण्याची सवय त्याने डोळ्यास लावून घेतलेली असते.

ही वजाबाकी कशी होते? डोळ्याच्या आतील दृष्टिपटलावर प्रकाशाची जाणीव घेणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात व त्यांना रंगभेद कळत नाही. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि त्या तीन जातींच्या असतात: एक जात निळ्या प्रकाशाला, दुसरी हिरव्याला आणि तिसरी पिवळ्या-तांबड्या बाजूच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते. प्रत्येक जात मेंदूकडे एवढेच कळविते की, 'मला इतका प्रकाश मिळाला.' तो प्रकाश वस्तूमुळे तसा आहे की दिव्यामुळे, हे तिला ठाऊक नसते. ते ठरविण्याचे काम पुढे मेंदूत होते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा पाहण्याला नकळत केलेले अनुमान म्हटले. पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच वस्तूंकडून पिवळेपणा अधिक येऊ लागला तर तो दिव्याचा असणार, असा हिशेब मन क्षणात करते आणि पांढरा सदरा पांढराच दाखविते. पाहणाऱ्याला या हिशेबाची वार्ताही नसते.

हिशेबच असल्यामुळे तो कधी कधी चुकतोही, आणि व्यवहारी माणसे ही गोष्ट शास्त्र न शिकताही जाणून असतात. लुगडे किंवा साडी घ्यावयास गेलेली बाई दुकानातील दिव्याखाली रंग पसंत करीत नाही. ती साडी उचलून दारापाशी आणते आणि दिवसाच्या उजेडात धरून पाहते. दिव्याच्या प्रकाशात जो रंग मुळात कमीच आहे तो कापड परतविणार कोठून? मन दिव्याचा दोष काही अंशी वजा करू शकते, पण जे आलेच नाही ते भरून काढू शकत नाही. रस्त्यांवर पूर्वी सर्रास असणारे व आता बव्हंशी एलईडी दिव्यांनी बदललेले पिवळे सोडियम दिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे चांगले आठवेल: त्यांच्या उजेडात निळी सायकल व काळी सायकल यांत भेद करणे कठीण जात असे.

हाच प्रयोग वर्गात जिलेटीनच्या तांबड्या कागदाने करता येतो. पांढऱ्या कागदावर तांबड्या खडूपेन्सिलीने काही अक्षरे लिहावी आणि ती तांबड्या जिलेटीनमधून पाहावी. अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. पांढरा कागदही आता तांबडाच प्रकाश पाठवीत असतो. मग त्यावरील तांबडे अक्षर वेगळे कशाने दिसावे? मुलांना या खेळात फार मौज वाटते, व गुप्त चिठ्ठ्या लिहिण्याचा उद्योग पुढे आठवडाभर चालतो. तो चालू द्यावा.

शेजारच्या रंगाचा परिणाम हा याच विषयाचा आणखी एक भाग. फ्रान्समधील गोब्लँ येथील प्रसिद्ध विणकामशाळेच्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांच्याकडे अशी तक्रार आली की, तेथे रंगविलेले काळे सूत निळ्या-जांभळ्या विणीत घातले असता फिके पडते. शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी आधी रंगाची परीक्षा केली व दुसरीकडील काळ्या सुताशी तुलना केली. रंगात काहीच खोट नव्हती. काळ्या सुताच्या शेजारी जे निळे व जांभळे सूत होते त्यामुळे काळ्याचा जोर नाहीसा होत होता. या निरीक्षणावरून त्यांनी जवळजवळ ठेवलेल्या रंगांच्या परस्परांवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्गात हे दाखविण्यासाठी राखी कागदाचे दोन सारखे चौकोन कापून एक पिवळ्या व एक निळ्या घोटीव कागदावर चिकटवावा. पिवळ्यावरील चौकोन किंचित निळसर व निळ्यावरील किंचित पिवळसर भासतो. वरून पातळ बटर पेपर पसरला तर हा फरक अधिक ठळक होतो. दोन्ही चौकोन एकाच कागदाचे आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही. म्हणून कातरण्याचे काम त्यांच्याच हातून करवून घ्यावे.

घरातील नीळ हेही असेच उदाहरण आहे, आणि ते या सर्वांत सुंदर म्हणता येईल. पांढरा सुती कपडा जुना झाला की पिवळसर पडतो; म्हणजे तो निळा प्रकाश थोडा अधिक शोषू लागतो. शेवटच्या पाण्यात नीळ घातली की कपडा उलट पिवळा-तांबडा प्रकाशही थोडासा शोषू लागतो आणि दोहोंचा तोल साधतो. मोजून पाहिले तर निळीत बुडविलेला कपडा पूर्वीपेक्षा एकूण कमीच प्रकाश परतवितो, म्हणजे खरे पाहता तो अंमळ काळवंडलेला असतो! तरी तो पाहणाऱ्यास अधिक शुभ्र वाटतो, कारण त्यात कोणत्याच रंगाची छटा उरलेली नसते. आजकालच्या धुण्याच्या पुडीतील द्रव्ये निराळ्या रीतीने काम करतात. ती डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर प्रकाश करून परत देतात. आजीची नीळ आणि ही नवी पुडी यांचा हेतू मात्र एकच.

कावीळ झालेल्यास सारे जग पिवळे दिसते, अशी एक समजूत बोलण्यात रूढ आहे. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो, परंतु रोग्यास सर्व वस्तू पिवळ्या दिसतात असा सामान्यतः अनुभव नाही. याउलट, ज्यांना कोणी काही म्हणत नाही त्या वृद्ध माणसांच्या डोळ्यातील भिंग वयोमानानुसार खरोखरच पिवळे होत जाते. ते इतके सावकाश होते की मन तो पिवळेपणा वर्षानुवर्षे वजा करीत राहते व त्यांना काहीच वेगळे वाटत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन स्वच्छ कृत्रिम भिंग बसले की मग पुष्कळांना पहिले काही दिवस भिंती, कपडे, दूधसुद्धा निळसर दिसू लागते. मुलांच्या घरी असे आजीआजोबा असतात. त्यांना विचारून येण्यास सांगितले तर मुलांना पुस्तकाबाहेरचा पुरावा मिळतो.

दोन निरोगी माणसांचा हिशेबही क्वचित भिन्न येतो. २०१५ च्या फेब्रुवारीत एका झग्याचे छायाचित्र जगभर चर्चिले गेले. काहींना तो झगा पांढरा व सोनेरी दिसे, काहींना निळा व काळा. एकाच घरातील माणसे एकमेकांना खोटे ठरवीत होती. झगा प्रत्यक्षात निळा व काळा होता. छायाचित्रात उजेड कसला आहे याचा पुरेसा पुरावा नव्हता. ज्यांच्या मनाने सावलीचा निळसर उजेड गृहीत धरला त्यांनी निळेपणा वजा केला आणि त्यांना झगा पांढरा दिसला, असे त्याचे मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. वर्गातील दोन मुले रंगावरून भांडू लागली तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही.

येथून शिक्षकाच्या खऱ्या जबाबदारीला प्रारंभ होतो. आतापर्यंत ज्या चुका पाहिल्या त्या सर्वांच्या डोळ्यांना सारख्याच होणाऱ्या आहेत. परंतु काही मुलांच्या डोळ्यांची घडणच निराळी असते. शंक्वाकार पेशींच्या तीन जातींपैकी एखादी जात जन्मतः नसते किंवा तिचे काम भिन्न असते; तांबडा-हिरवा, हिरवा-तपकिरी, निळा-जांभळा असे रंग अशा मुलांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. याला रंगांधता म्हणतात. शब्द फसवा आहे; ही मुले आंधळी नसतात, आणि बहुतेकांना पिवळा व निळा यांतील फरक उत्तम दिसतो. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून तो मुलग्यांत अधिक व मुलींत क्वचित आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे ८ जणांना तो असतो. भारतातील पाहण्यांत प्रमाण त्याहून कमी आढळले आहे. तरीही चाळीस मुलगे असलेल्या वर्गात असा एखादा असणे अगदी शक्य आहे.

या दोषाचे पहिले शास्त्रीय वर्णन एका शिक्षकानेच केले, ही गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले जॉन डाल्टन इंग्लंडात मँचेस्टर येथे अध्यापन करीत. १७९२ साली त्यांच्या लक्षात आले की जिरेनियमचे एक गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशासारखे निळे आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसते. त्यांनी इतरांना विचारले. त्यांना असा फरक दिसत नव्हता. भावाला मात्र तसेच दिसत होते. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेत यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातील द्रव निळा असावा असे त्यांचे मत होते, आणि मृत्यूनंतर डोळे तपासून पाहावेत अशी त्यांची इच्छा होती. १८४४ साली ते वारल्यावर तपासणी झाली; द्रव स्वच्छ निघाला, मत चुकीचे ठरले. पण डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले आणि १९९५ साली त्यांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा होऊन, हिरव्या बाजूच्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी जात त्यांच्या डोळ्यांत नव्हती, असे सिद्ध झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, डाल्टनसारख्या काटेकोर निरीक्षकालाही आपल्या डोळ्याचे वेगळेपण वयाच्या पंचविशीपर्यंत उमगले नव्हते. मग आठ वर्षांच्या मुलाला ते कसे उमगावे? त्याला तर पान हिरवे आणि फूल तांबडे 'म्हणतात' एवढे पाठ असते. समोर दोन खडू सुटे पडले की तो अडखळतो.

असा मुलगा झाडाचे खोड हिरवे व पाने तपकिरी रंगवितो, नकाशातील तांबड्या व हिरव्या प्रदेशांत गोंधळतो, 'हिरव्या शाईने अधोरेखित केलेले शब्द वाचा' म्हटले की शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. त्याला निष्काळजी, मठ्ठ, क्वचित उद्धटही ठरविले जाते. छडीचे दिवस गेले, पण वर्गाच्या हसण्याचा मार त्याहून हलका असतो असे नाही. अशा मुलाला रंग 'शिकविण्याचा' प्रयत्न निष्फळ होय. जे डोळ्यापर्यंत पोचतच नाही ते घोकून पोचत नाही. बदल करावयाचा तो साहित्यात. काळ्या फळ्यावर तांबडा खडू सर्वांनाच मंद दिसतो, व काही रंगांध मुलांना तो जवळजवळ दिसतच नाही. हिरव्या फळ्यावर तर तो मुळीच वापरू नये. पांढरा व पिवळा हे खडू सर्वांना दिसतात. नकाशात केवळ रंगावर न विसंबता आडव्या रेघा, ठिपके, फुल्या यांनीही प्रदेश वेगळे करावेत व प्रत्येकावर नाव लिहावे. आलेखातील दोन रेषा दोन रंगांनी दाखवायच्या असल्या तर एक अखंड व एक तुटक काढावी. खेळाच्या तासाला तांबडा व हिरवा असे संघ न करता निळा व पिवळा असे करावेत. या कशालाही पैसा लागत नाही.

शंका आल्यास आधी पालकांशी एकांतात बोलावे. आईच्या माहेरी कोणाला असा गोंधळ होत असे का, हे विचारावे. आजोबा किंवा मामा यांचे नाव पुष्कळदा निघते. निश्चित परीक्षा नेत्रतज्ज्ञाकडेच व्हावी. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ठिपक्यांतील आकड्यांची चित्रे आजही त्यासाठी वापरली जातात, व शाळेच्या आरोग्य तपासणीस येणाऱ्या डॉक्टरांना तशी विनंती करता येते. निदान लवकर झाल्याचा आणखी एक उपयोग आहे. रेल्वेचे इंजिन चालविणे यांसारख्या काही नोकऱ्यांत रंगपरीक्षा सक्तीची असते. तेथे विसाव्या वर्षी धक्का बसण्यापेक्षा दहाव्या वर्षी माहीत असलेले बरे.

तोवर वर्गात एक साधी गोष्ट करावी. रंगीत खडूंच्या प्रत्येक कांडीवर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर रंगाचे नाव ठसठशीत अक्षरात लिहून ठेवावे. सर्वांच्याच खडूंवर लिहावे, एकट्याच्या नव्हे. ते लिहिण्याचे काम मुलांकडेच द्यावे. दुसरीतील मुलांचे शुद्धलेखनही त्यात होऊन जाते.